भोंग्याला लावलेलं लग्नाचं तेल

वसई
२० जानेवारी २०२६

प्रिय फर्डीदादा,

पाकिटामागचं माझं नाव तू दोनदा वाचलं असशील, आणि पहिला विचार हाच आला असेल की घरात कोणीतरी गेलं. तसं काही नाही. नवरा ठणठणीत आहे, केनी अजून सकाळी सायकल काढून पाव आणायला जातो आणि वाटेत दहा जणांशी बोलून ते गार करून आणतो. मी शाळेतून निवृत्त झाले त्याला दोन वर्षं होतील. गुडघे सोडले तर माझंही बरं आहे. तरी रविवारपासून मी धड जेवलेले नाही. काल भातात दोनदा मीठ घातलं आणि केनीने तो मुकाट्याने खाल्ला, यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते तूच समज. हे पत्र मी चौथ्यांदा लिहायला घेतलंय. आधीची तीन फाडली, कारण त्यांत मी बाईंसारखी मुद्दे मांडत बसले होते. या वेळी जसं सुचेल तसं लिहिते. 

छत्तीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तू विरारच्या फुलपाड्यात राहतोस, तिथे पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतोस, दुकानाची पाटी निळी आहे, हे सगळं मला ठाऊक होतं. केनीने एकदा सांगितलं होतं, आणि हा विषय माझ्यासमोर पुन्हा काढायचा नाही, असं मी त्याला बजावलं होतं. वसई आणि विरारच्या मध्ये एकच स्टेशन. एवढ्या अंतरावर माझा सख्खा भाऊ राहतो आणि माझ्या मुलाने मामाला उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. कोणी विचारलं तर माझं उत्तर तयार असायचं. भावाने माझ्या लग्नाच्या मिस्साला, भरल्या चर्चमध्ये, दारू पिऊन ऑर्गन वाजवला. सगळ्या गावाने ऐकलं. एवढं म्हटलं की माणसं पुढे विचारत नसत.

आता मला जे कळलंय ते लिहिण्याआधी तुझ्या त्या कपाटाबद्दल लिहायलाच हवं, कारण सगळं त्यात आहे. तू वालीवच्या एका कारखान्यात टर्नर होतास. मुंबईच्या कुठल्याशा हॉटेलाने काढून टाकलेला इलेक्ट्रिक ऑर्गन पप्पांनी क्वायरसाठी मिळवला होता, पण त्याचा आवाज सपाट, सरळसोट यायचा. हा ऑर्गन आहे की सायकलचा हॉर्न, असं पप्पा म्हणायचे. मग तू कुठेतरी परदेशी बनावटीचं फिरत्या स्पीकरचं कपाट उघडलेलं पाहून आलास आणि आठ महिने प्रत्येक सुट्टीच्या दिवशी तसंच एक आपल्या ओटीवर घडवलंस. बाजूंना फटी ठेवलेलं लाकडी कपाट. आत स्पीकर जागचे हलत नाहीत, त्यांच्यापुढचं तोंड फिरतं. वर उंच सुरांसाठी भोंगा, खाली खर्जासाठी एका बाजूने कापलेलं लाकडी पिंप, दोघांना वेगळ्या मोटारी आणि वेगळे पट्टे. नुसतं गोल फिरून आवाज कसा बदलेल, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना. तेव्हा तू पप्पांचा ट्रान्झिस्टर पिशवीत घातलास, पिशवीला दोरी बांधलीस आणि अंगणात उभा राहून डोक्यावर गरागरा फिरवलास. माझ्याकडे येताना सूर किंचित चढायचा, दूर जाताना किंचित उतरायचा. मी टाळ्या वाजवत होते तेवढ्यात दोरी सुटली आणि ट्रान्झिस्टर केळीत जाऊन पडला. पुढचा आठवडाभर पप्पा बातम्या ऐकायला शेजारी जात होते आणि आपल्या दोघांशी बोलत नव्हते.

कपाट पहिल्यांदा चर्चमध्ये लागलं तो रविवार मला आठवतो. तू भोंगा सावकाश फिरवलास तेव्हा तोच सपाट सूर श्वास घेतल्यासारखा फुलायला आणि ओसरायला लागला. वेगात टाकलास तेव्हा त्याला अशी थरथर सुटली की येणं कुठलं आणि जाणं कुठलं ते कानाला वेगळं करता येईना. प्रत्येक फेरीत आवाज वेगळ्या भिंतीला लागून यायचा, कधी वेदीमागून, कधी माळ्यावरून, आणि म्हातारी माणसं माना वळवून बघायची. पण तुझा जीव त्या मधल्या क्षणांत होता. वेगाचं बटण दाबलं की हलका भोंगा लगेच पळायचा आणि जड पिंप चार-पाच सेकंदांनी त्याला गाठायचं. तेवढा वेळ वरचे आणि खालचे सूर वेगवेगळ्या चालीने चालायचे आणि मग एक व्हायचे. तू म्हणायचास, "वरचा भोंगा म्हनजे तू, खालचं पिंप म्हनजे पप्पा. तू आदी पलतेस, पप्पा मागून येतात." भोंग्याच्या फळीवर तू खिळ्याने माझं नावसुद्धा कोरलं होतंस. यात तू स्वतः कोण, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

तू प्यायचास, हे काही खोटं नाही. लग्नाच्या बँडबरोबर हिंडणाऱ्या माणसापुढे ग्लास येतोच. पण माझं लग्न ठरलं आणि तू मला गावच्या क्रुसापाशी घेऊन गेलास. "जुलू, तुझ्या लग्नापर्यंत थेंब घ्यायचा नाय," एवढंच म्हणालास. चार महिने तू शब्द पाळलास. नाक्यावर तुझी टिंगल चालायची, मुद्दाम बाटली समोर ठेवायचे, ते सगळं माझ्या कानावर येत होतं. मला तुझा इतका अभिमान वाटायचा की मी शाळेत मुलांना विनाकारण चांगले शेरे देत होते.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी आत्याने मला ओटीवर पाटावर बसवून खोबरेल लावलं. घरच्या नारळांचं, घाण्यावरून काढून आणलेलं. बायकांची गाणी चालली होती. तुझं कपाट तिथेच कोपऱ्यात टेम्पोची वाट बघत उभं होतं आणि तू खुर्च्या आणायला गेला होतास. आई नसलेल्या घरात एवढा गोंगाट पहिल्यांदाच होत होता. ती दुपार मला छत्तीस वर्षं अगदी तपशिलाने आठवत आलीय, फक्त एक गोष्ट सोडून.

आणि मग १४ जानेवारीची सकाळ. त्या वर्षी थंडी अशी पडली होती की झग्याच्या बाह्यांतून माझ्या हातांवर काटा आला होता. मी पप्पांचा हात धरून चर्चच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि ऑर्गन सुरू झाला. पहिल्या दोन ओळींतच मी पप्पांकडे पाहिलं. सूर लटपटत होता. चढायचा, अर्ध्यावर अडायचा, झोकांडी खाऊन खाली यायचा आणि मध्येच धाव घ्यायचा. खर्ज बिचारा सरळ चालला होता, आणि वरचा सूर त्याच्या खांद्यावर हात टाकून गुत्त्यातून घरी निघालेल्या माणसासारखा. मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. पप्पांचा हात माझ्या हातात लाकडासारखा झाला. पहिल्या बाकावर माझी होणारी सासू ओठ मिटून बसली होती. सगळ्यांत वाईट म्हणजे मिस्सा पुढे सरकली तसतसा सूर सुधारत गेला. ख्रिस्तप्रसादापर्यंत बराचसा ठीक झाला आणि शेवटच्या गीताला एकदम स्वच्छ. बाहेर पडताना मी माझ्या कानांनी ऐकलं, "उतरली बग त्याची."

आवारात तू धावत माझ्याकडे आलास. "भोंगा अडकत होता गो जुलू, मी घेतली नाय." आणि मी काय केलं ते तू विसरला नसशील. अंगात पांढरा झगा, हातात फुलं, भोवती सासरची माणसं, आणि मी तुला म्हटलं, तोंड उघड, वास बघू दे. एकोणतीस वर्षांच्या माणसाला, माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या भावाला. तू उघडलंस. आंबूस वास आला आणि मी तोंड फिरवलं. दादा, तुझ्या हातात अर्धा खाल्लेला फुगा होता. ताडीत आंबवून तळलेल्या पिठाचा, लग्नाच्या सकाळी आपल्याकडे ज्याच्या त्याच्या हातात असतो तो. थोड्या वेळाने मीही दोन खाल्ले. माझ्याही तोंडाला तोच वास असणार, पण नवरीला तोंड उघड म्हणणारं तिथे कोणी नव्हतं.

दुपारी जेवणं उरकल्यावर पप्पांनी चार माणसांसमोर कपाट लावून बघितलं. सावकाश, वेगात, पुन्हा सावकाश. भोंगा एकदाही अडला नाही. पप्पा म्हणाले, "कपाटाला काय झालेला नाय. झालाय ता वाजवनाऱ्याला." आठव्या दिवशी मी माहेरी आले तर तुझी खाट रिकामी होती, आणि मी बरं झालं म्हटलं. मी हे म्हटलं होतं, हे तुला कळावं म्हणून लिहितेय. पुढे तुला गावात कोणी वाजवायला बोलावेना आणि मग तू खरोखरच प्यायला लागलास. ते कानावर आलं तेव्हा आम्ही माना डोलावल्या, म्हणजे आमचंच बरोबर होतं. सत्त्याण्णव साली पप्पा गेले. तू कबरस्तानाच्या फाटकाशी उभा राहिलास, माती टाकायला सगळ्यांच्या शेवटी आलास आणि माझ्याकडे पाहिलंस. मी केनीच्या आड झाले. नंतर काही वर्षांनी तू दारू सोडलीस असं कोणीतरी सांगत आलं, तर मी उठून चहा ठेवायला गेले. कपाट तर मी केव्हाच चर्चच्या हॉलला देऊन टाकलं होतं.

आता रविवारचं. क्लिफर्ड, म्हणजे तुझा भाचा, बत्तीस वर्षांचा झाला. तो कुठे कामाला आहे ठाऊक आहे? वालीवला, मोटारी वाइंडिंग करणाऱ्या वर्कशॉपमध्ये. मी त्याला तुझ्याबद्दल चांगलं एक अक्षर सांगितलं नव्हतं, तरी हात तुझेच घेऊन आला. महिन्यापूर्वी हॉलच्या पोटमाळ्याची दुरुस्ती निघाली, फादरांनी जुनं सामान हलवायला सांगितलं, आणि हा टेम्पोत ते कपाट घालून दारात हजर. मी म्हटलं, हे लाकूड माझ्या ओटीवर नको. तो म्हणाला, मम्मी, महिनाभर दे, नाही चाललं तर मीच भंगारात टाकतो. महिनाभर त्याने पट्टे बदलले, वायरी बदलल्या, आवाज मोठा करणारे आतले काचेचे व्हॉल्व्ह कुठून कुठून शोधून आणले. परवा रविवारी सकाळी मिस्साहून आल्यावर तो ते चालवायला बसला. चांगलीच थंडी होती. म्हणाला, भोंगा ज्या पितळी बुशात फिरतो तिथे थोडं तेल लागेल. मी स्वयंपाकघरात गेले आणि हाताला लागली ती बाटली घेऊन आले. खोबरेलाची. मी शिलाई मशीनलाही तेच घालते, त्यावरून तू किती वेळा माझ्यावर ओरडला आहेस. बाटलीतलं तेल थिजून पांढरं घट्ट झालं होतं. सवयीने मी ती उन्हात ठेवायला वळले. क्लिफर्ड हसला आणि म्हणाला, "अगं खोबरेल काय आणतेस मम्मी, आत जाऊन थिजेल ते. भोंगा पिऊन टाइट झाल्यासारखा फिरेल."

तो सहज बोलून गेला. मी तिथेच पायरीवर बसले. मला आत्याचा आवाज ऐकू आला, "लावा गो सगल्याला, लग्नाचा तेल हाय." दादा, त्या दुपारी मी वाटी घेऊन घरभर फिरले होते. दाराच्या चौकटीला लावलं, विहिरीच्या रहाटाला लावलं, पप्पांच्या खुर्चीला लावलं, आणि मग तुझ्या कपाटापाशी आले. वरचं झाकण उघडलं. भोंग्याच्या फळीवर माझं नाव होतं. म्हटलं, जुलूचं लग्न आहे आणि हिलाच कोरडं ठेवायचं? वाटीत उरलेलं सगळं तेल मी त्या बुशात ओतलं. बायका हसल्या. मीही हसले, झाकण लावलं, हात पुसले आणि विसरून गेले. छत्तीस वर्षं ही गोष्ट माझ्या डोक्यात एकदाही आली नाही. आपण प्रेमाने केलेली गोष्ट कोणी गुन्ह्यात कशाला शोधेल?

तरी माझी खात्री होईना, किंवा मला ती होऊ द्यायची नव्हती. मी क्लिफर्डला म्हटलं, लाव. ते घट्ट तेल चमच्याने काढ, बुशात भर आणि चालव. त्याने बाटली हातात घेतली. म्हणाला, सगळं पुन्हा धुवावं लागेल. मी म्हटलं, धू, पण लाव. त्याने भरलं, त्याचा छोटा कीबोर्ड कपाटाला जोडला, एका बोटाने एक सूर दाबून धरला आणि वेगाचं बटण दाबलं. पिंप फिरायला लागलं. भोंगा जागचा हलला, अडला, पट्टा घसरला, पुन्हा हलला, आणि माझ्या ओटीवर तो आवाज आला. तोच. चढायला बघणारा, अर्ध्यावरून झोकांडी खाणारा.  आतून केनी दाढीचा साबण तोंडावर तसाच घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "हे आपल्या लग्नातलं." मग म्हणाला, मला तर तेव्हा वाटलं होतं की ते तसंच वाजवायचं असतं. या माणसाला मी कधी विचारलंच नव्हतं.

आम्ही तिघं तसेच बसून राहिलो. क्लिफर्डने बोट काढलं नाही. खाली व्हॉल्व्ह तापत होते, कपाट हळूहळू आतून गरम होत होतं. पंचवीसेक मिनिटांत भोंग्याचं अडणं कमी झालं, मग थांबलं, आणि सूर आपोआप स्वच्छ झाला. कोणी हात लावला नव्हता. चाळीसाव्या मिनिटाला भोंगा असा फिरत होता की पप्पांना पुन्हा बोलावून दाखवावं. ज्याला सगळं गाव उतरली म्हणालं होतं, ते माझं तेल वितळत होतं.

मला वाटलं, हादरायचं ते एवढंच. तेल धुवायला क्लिफर्डने भोंगा बाहेर काढला. मी पहिल्यांदा तो नीट पाहिला. एका दांड्यावर समोरासमोर दोन तोंडं. तो म्हणाला, यातलं आवाज देतं ते एकच. दुसरं आतून बंद आहे, ते फक्त वजनाला, नाहीतर कपाट थरथरून खिळखिळं होईल. बोलणाऱ्याच्या बरोबरीने मुकं फिरत राहायचं, एवढंच त्याचं काम. मग त्याने मागची फळी काढली आणि मला हाक मारली. आतल्या बाजूला तुझं पेन्सिलीचं अक्षर होतं. तू प्रत्येक दुरुस्ती तारखेसकट तिथे लिहून ठेवायचास, हे मला माहीतच नव्हतं. पट्टा बदलला. मोटारीचे ब्रश बदलले. पिंपाचा आवाज काढला. आणि सगळ्यांत खालची ओळ मी शब्दाला शब्द लिहिते. "१७-१-९०. सकाळी उघडलं. वरच्या बुशात खोबरेल, थिजलेलं. लग्नाचं तेल आहे. रॉकेलने धुतलं, मशीनचं तेल घातलं. जुलू सासरी गेली आहे. कोणाला सांगायचं नाही."

सतरा तारीख, दादा. माझं लग्न होऊन तीनच दिवस झाले होते. कपाट घरी परत आलं होतं, तू तेव्हा घरातच होतास, पप्पा पलीकडच्या खोलीत होते. त्यांना हाक मारून ती फळी दाखवली असतीस तर पुढचं काहीच झालं नसतं. तू रॉकेलचा बोळा टाकून दिलास, फळी लावलीस आणि घर सोडून गेलास. ती ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. आधी मला काही कळेचना, अक्षरं दिसत होती आणि अर्थ लागत नव्हता. मग मी रडले, तेही क्लिफर्डसमोर, ज्याने मला कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्याने विचारलं, हे कोणाचं अक्षर? मी म्हटलं, तुझ्या मामाचं. आणि मग बत्तीस वर्षं न सांगितलेलं सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, मम्मी, मामा फुलपाड्याला आहेत आणि आपण इथे बसलोय?

तुझ्यावर मला रागही आलाय, तो लपवत नाही. माझी सासू पहिल्याच आठवड्यात भावाच्या दारूवरून बोलली होती, तेव्हा तेलाचं कळलं असतं तर तिने मला जन्मभर ऐकवलं असतं, हे तू ओळखलंस. ते खरं आहे. पण ती जाऊनसुद्धा एकोणीस वर्षं झाली. तिच्यानंतर सांगायचं होतंस. पप्पा अंथरुणावर होते तेव्हा सांगायचं होतंस. त्यांनी शेवटच्या महिन्यात दोनदा तुझं नाव घेतलं आणि दोन्ही वेळा मी त्यांना औषध देऊन विषय बदलला. माझ्याकडून काय करून घेतलंस तू? मी पस्तीसेक वर्षं मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या, अर्ध्या गुणासाठी पुन्हा पुन्हा वाचल्या, आणि माझ्या भावाची न वाचताच शून्य देऊन बांधून ठेवली. एवढा मोठेपणा मला झेपत नाही. मला तू माझ्यावर ओरडायला हवा आहेस, शिलाई मशीनवरून ओरडायचास तसा. यात तू कोण, हे मला परवा कळलं. माझं घर थरथरू नये म्हणून तू छत्तीस वर्षं मुका फिरत राहिलास.

हे पत्र माफीसाठी नाही, ती कागदावर मागायची लाज वाटते. १ फेब्रुवारीच्या रविवारी आठच्या मिस्सानंतर फादरांनी मला माइकवर पाच मिनिटं दिली आहेत. कशासाठी ते त्यांना सांगितलंय. तुझं नाव मी भर आवारात घालवलं, तेव्हा ते तिथेच उभं राहून परत द्यायचं, घरात कुजबुजून नाही. तू आलास तरी मी बोलणार आहे आणि नाही आलास तरी बोलणार आहे, पण मला तू समोर हवा आहेस. कपाट शनिवारी चर्चमध्ये जाईल, माळ्यावर, पूर्वीच्या जागी. क्लिफर्डला ते फिरवता येतं, वाजवता येत नाही, आणि गावात त्या मधल्या चार-पाच सेकंदांचं वेड असलेलं दुसरं कोणी नाही. तो हे पत्र घेऊन दुकानात आला आहे, तुझ्यासमोर जो उभा आहे तोच. त्याला मी उत्तर घेतल्याशिवाय परत येऊ नकोस म्हणून सांगितलंय. त्या फळीवर तुझ्या ओळीखाली मी पेन्सिलीने लिहिलंय, "१८-१-२०२६. जुलूला कळलं." त्याखाली जागा सोडली आहे, ती तुझ्या अक्षरासाठी. सकाळी थंडी असेल. मशीनच्या तेलाचा लांब नळीचा डबा आणून ठेवलाय, सील फोडलेलं नाही. तेल तूच घाल, दादा, मी हात लावणार नाही.

तुझीच,
जुलू